वाचून बंद केलेली पट्टी

पट्टी क्र. १
रंग: निळा
लिहिणार: मी
उतरवायची वेळ: (रिकामी)

विद्यापीठाचं संकेतस्थळ उघडलं की सगळ्यात वर, विद्यापीठाच्या नावाच्याही डोक्यावर, कधीकधी एक पट्टी दिसते. पाणी नाही. ग्रंथालय बंद आहे. परीक्षेची जागा बदलली आहे. कुलगुरूंचं हसरं छायाचित्र तिच्या खाली येतं. ही पट्टी अकरा वर्षं मी लावते आहे. मला कुणी ओळखत नाही, पण नळ फुटला की आधी माझं वाक्य वाचतात.

पट्टीचे रंग तीन. निळी म्हणजे वाचली तर बरं. पिवळी म्हणजे वाचाच. लाल म्हणजे हातातलं काम टाका आणि वाचा. उजव्या कोपऱ्यात बारीकशी फुली असते. वाचून झालं की फुली दाबायची, पट्टी निघून जाते आणि माणूस आपल्या कामाला लागतो.

शिवाय पट्टी एकटीला लावता येत नाही. एकीनं लिहायची, दुसरीनं आपल्या संगणकावरून किंवा फोनवरून मंजूर करायची. पूर्वी असं नव्हतं. मग एका कारकुनानं सराव म्हणून ‘इमारत ताबडतोब रिकामी करा’ अशी लाल पट्टी लावली आणि लोकांनी शहाण्यासारखी इमारत रिकामी केली. परीक्षा विभागातले एक गृहस्थ तर जाताना खिडकीतली कुंडीही घेऊन गेले. तेव्हापासून दोघांचे हात लागतात.

सध्या ते हात म्हणजे मी आणि माझी धाकटी बहीण.


पट्टी क्र. २
रंग: पिवळा
लिहिणार: धाकटी
मंजूर करणार: मी (करावंच लागतं)

हो, सख्खी. नोकरीची जाहिरात मीच तिला दाखवली. मुलाखतीला माझाच कोट घालून गेली. कार्यालयात मला मॅडम म्हणते, घरी ताई, आणि अडचणीत सापडली की कार्यालयातही ताई.

आठ महिन्यांपूर्वी तिनं पहिली पट्टी लिहिली. त्याच कामासाठी आदल्या वर्षी मी लिहिलेली अशी होती:

‘सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, देखभालीच्या कामास्तव पश्चिम प्रवेशद्वार सकाळी ८ ते दुपारी ४ या वेळेत बंद राहील. तरी पर्यायी प्रवेशद्वाराचा वापर करून सहकार्य करावे.’

तिची अशी:

‘पश्चिमेचं दार आज चारपर्यंत बंद. पूर्वेच्या दारानं या. सात मिनिटं जास्त लागतील.’

“सात मिनिटं कुठून आणलीस?” मी विचारलं.

“चालून बघितलं ना.”

“कधी?”

“जेवणाच्या सुट्टीत. मला पाच लागली. मधे पायऱ्या आहेत, म्हणून दोन वाढवली. म्हाताऱ्या प्राध्यापकांसाठी.”

अकरा वर्षांत मी ते पूर्वेचं दार एकदा तरी पाहिलं होतं का, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

प्रमुखबाई, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख, तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. “हे बघा. याला म्हणतात सूचना. नाहीतर आपलं ते, सर्व संबंधितांस!” सगळे हसले. मीही हसले. त्या खोलीत संबंधित मी एकटीच होते.

घरी आई. आईचा विद्यापीठाशी काडीचा संबंध नाही, पण दोन्ही मुली तिथं आहेत म्हणून रोज सकाळी चहाबरोबर फोनवर संकेतस्थळ उघडते, पट्टी मोठ्यानं वाचते आणि मग फुली दाबते. ओटा पुसून फडकं वाळत घालावं तशी.

“आज दोन होत्या,” आई म्हणाली. “दुसरी धाकटीची ना?”

“कशावरून?”

“अगं, कळली ना.”


पट्टी क्र. ३
रंग: लाल

गेल्या महिन्यात प्रमुखबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं. खोलीत आम्ही तिघी आणि एक घरघरणारा पंखा.

“लाल पट्टीला दोघींची वाट बघत बसणं परवडत नाही,” त्या म्हणाल्या. “एक जण जेवायला गेली की दुसरी हात बांधून बसणार. पहिल्या तारखेपासून लाल पट्टी एकीच्याच हातात. मंजुरी नाही, विचारणं नाही. लिहिली की लागली. कुणाच्या, ते मी ठरवीन. त्याआधी शनिवारची परिचारिकांची प्रवेश परीक्षा दोघींनी मिळून नीट पार पाडा.”

बाहेर आल्यावर धाकटी म्हणाली, “तुझंच नाव असणार ताई. उगाच नाटक करतायत.”

ती मनापासून म्हणाली. माझा राग त्या मनापासूनचाच आहे. दुसरी कुणी असती तर आतून एक, बाहेरून एक असती, आणि मला तिच्या आतलं शोधून काढण्यात मजा आली असती. हिच्यात शोधायला काही नाहीच.

मला ती लाल पट्टी हवी होती. मला घर हवं नव्हतं, बढती नको होती, कार्यालयातल्या जुन्या खुर्चीची सवय झाली आहे, तीही चालेल. फक्त एखाद्या सकाळी काही पेटलं, फुटलं, कोसळलं तर कुणालाही न विचारता मी लिहीन आणि लोक धावत सुटतील, एवढं हवं होतं. ते हिला मिळालं तर तिच्या प्रत्येक लाल ओळीखाली मी उरलेलं आयुष्य निळ्या पट्ट्या लावत बसणार. ग्रंथालयाचे पंखे दुरुस्तीला गेले आहेत. भोजनगृहाच्या वेळा बदलल्या आहेत.

आणि आई विचारणार, लाल कुणाची गं?


पट्टी क्र. ४
रंग: पांढरा (असा रंग नाही)

आता एक गोष्ट, जी या कामात असलेल्यालाच ठाऊक असते.

प्रत्येक पट्टीला आतून एक क्रमांक असतो. तुम्ही फुली दाबलीत की तुमचा फोन तो क्रमांक लक्षात ठेवतो: ही या माणसानं वाचली, आता दाखवायची नाही. म्हणून लावलेल्या पट्टीतला मजकूर नंतर बदलला, तरी क्रमांक तोच राहतो. ज्यानं फुली दाबली आहे त्याला नवा मजकूर दिसतच नाही. त्याच्या लेखी पट्टी गेली ती गेली.

म्हणून पट्टी कधी दुरुस्त करायची नाही. जुनी काढायची, नवी लावायची.

हे मला नवव्या महिन्यात कळलं, ग्रंथालयाची वेळ बदलताना, चार जणांच्या शिव्या खाऊन. यंत्र काही सांगत नाही. ‘बदल जतन झाला’ असं हिरव्या अक्षरांत म्हणतं आणि गप्प बसतं.

धाकटी रुजू झाली तेव्हा मी तिच्यासाठी चौतीस पानांची माहितीपुस्तिका तयार केली. रंग कसे निवडायचे, वेळ कशी घालायची, कुलगुरूंच्या पाहुण्यांच्या दिवशी पिवळी का लावायची नाही. त्यात ही क्रमांकाची गोष्ट लिहायची राहून गेली.


पट्टी क्र. ५
रंग: लाल
क्र. ४ मधील शेवटच्या ओळीबाबत

वरची ओळ मी बदलत नाही. तुम्ही ती वाचून पुढे आला असाल. नवी लावते.

राहून गेली नाही. एकोणिसाव्या पानावर लिहिली होती. सव्वाचार ओळी. त्या दिवशी दुपारी प्रमुखबाई सगळ्यांना धाकटीची पश्चिमेच्या दाराची पट्टी दाखवत फिरल्या, आणि संध्याकाळी पुस्तिका छापायला देण्याआधी मी त्या सव्वाचार ओळी काढून टाकल्या. फार विचार केला असंही नाही. लोक हातचा एक राखून ठेवतात, तसा ठेवला. कधी वापरीन असं वाटलं नव्हतं. असू दे, एवढंच. निदान एक गोष्ट तिला न येणारी असू दे.


पट्टी क्र. ६
रंग: लाल
लावली: गुरुवार, सकाळी १०.००
लिहिणार: धाकटी
मंजूर: मी

‘परिचारिका प्रवेश परीक्षा: शनिवारी सकाळी ९.३०, मुख्य सभागृह, जुनं आवार. दारं ९.४५ ला बंद होतील. ओळखपत्र आणा.’

सहाशे बारा उमेदवार. ही परीक्षा वर्षातून एकदाच होते.

शनिवारी आम्ही दोघी सात वाजता कार्यालयात होतो. सात वीसला जुन्या आवाराच्या पहारेकऱ्याचा फोन आला. सभागृहाच्या वरच्या मजल्यावरची नळी फुटली होती. “बाई, बाकांचे पाय बुडालेत,” तो म्हणाला. “परीक्षा घ्यायची तर होडीत घ्या.”

प्रमुखबाईंनी फोनवरच ठरवलं: नव्या आवारातली क्रीडा इमारत. दोन आवारांमध्ये बसनं पस्तीस मिनिटं. उमेदवारांच्या फोनवर संदेश पाठवणारा माणूस परीक्षा विभागाचा, तो नऊला येतो आणि त्याआधी फोन उचलत नाही. म्हणजे सगळा भार पट्टीवर.

“ताई, मी बदलते,” धाकटी म्हणाली. ती उभ्याउभ्याच टंकत होती. “मुख्य सभागृहाच्या जागी क्रीडा इमारत. झालं. मंजूर कर गं, मी दारावर लावायचे कागद छापून आणते.”

७.३१ ला माझ्या पडद्यावर तिची विनंती आली.

वरच्या कोपऱ्यात बारीक राखाडी अक्षरांत लिहिलेलं असतं: नवी, किंवा दुरुस्ती. ‘दुरुस्ती’ असं लिहिलं होतं. क्रमांक गुरुवारचाच.

इथं मला काय काय करता आलं असतं, ते क्रमानं:
हाक मारता आली असती. छपाईयंत्र भिंतीपलीकडे आहे, हाक ऐकू जाते.
नामंजूर करता आलं असतं.
स्वतः नवी लिहिता आली असती.

मी मंजूर केलं. ७.३३.

‘बदल जतन झाला.’


(पट्टी नाही. ७.३३ ते ७.५८.)

धाकटी कागद घेऊन आली, म्हणाली, “झालं ना?” मी म्हटलं, “झालं.” खोटं नव्हतं. ती टॅक्सी बघायला खाली धावली, जुन्या आवाराच्या दारावर कागद चिकटवायला. जाताना तिच्या एका बुटाची नाडी सुटलेली होती. सांगावंसं वाटलं आणि तेवढं मात्र मी सांगितलं. “नाडी बांध, पडशील.”

मग मी बसून राहिले.

माझ्या डोक्यात माणसं नव्हती, हे लिहायला हवं. सहाशे बारा हा आकडा होता, पण त्याला तोंडं नव्हती. डोक्यात प्रमुखबाईंचा चेहरा होता. सोमवारी त्या म्हणतील, अगं, एवढी साधी गोष्ट! आणि धाकटीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच ते येईल, जे माझ्या चेहऱ्यावर आठ महिने बिनभाड्यानं राहतंय. मी ते वाक्य दोन-तीन प्रकारे म्हणून बघत होते. एवढी साधी गोष्ट. इतकी साधी गोष्ट. साधी गोष्ट होती हो.

७.५६ ला आईचा फोन.

“काय गं, परीक्षेची जागा बदलली का? शेजारीण म्हणते तिच्या फोनवर क्रीडा इमारत दिसतंय. तिची पुतणी बसलीय ना परीक्षेला.”

“हो.”

“मग माझ्याकडे का नाही? माझ्याकडे तर काहीच नाही. पट्टीच नाही.”

“तू गुरुवारी फुली मारलीस ना?”

“मारली. वाचून झालं की मारायची असते ना? तूच सांगितलंस. म्हणजे मी नीट वाचली म्हणून मला दिसत नाही, आणि शेजारीण कधी काही वाचत नाही म्हणून तिला दिसतंय? हा कुठला न्याय?”

आईला तोंड होतं. आईच्या जागी मग एकदम पुष्कळ तोंडं आली. गुरुवारीच वाचून ठेवणारी, तारीख लिहून ठेवणारी, फुली मारणारी, ओळखपत्र आदल्या दिवशी पिशवीत घालणारी. माझ्यासारखी माणसं. माझी पट्टी अकरा वर्षं ज्यांनी इमानानं वाचली ती.

७.५८ ला मी नवी लाल पट्टी लिहिली. नवा क्रमांक. मंजुरीसाठी धाकटीच्या फोनवर पाठवली. टॅक्सीतून तिनं सात सेकंदांत मंजूर केली. वाचायला निदान दहा लागतात. न वाचताच केली होती.


पट्टी क्र. ७
रंग: पिवळा

त्रेचाळीस जण जुन्या आवारात पोचले. सकाळी पावणेआठला चहा पिताना त्यांनी संकेतस्थळ एकदा शेवटचं बघितलं होतं, काही दिसलं नाही, आणि ते निघाले होते. धाकटीनं दारावर उभं राहून एकेकाला बसमध्ये, टॅक्सीत, एका दूधवाल्याच्या गाडीत बसवून दिलं. चौतीस जण दारं बंद होण्याआधी पोचले.

नऊ जण नाही.

दहा वाजता त्यातल्या एका परिचारिकेनं फोन केला. मी उचलला. तिचा आवाज चढलेला नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

“मी गुरुवारीच वाचलं होतं. नीट वाचलं होतं. दोन पाळ्या बदलून घेतल्या आजच्यासाठी. माझी मैत्रीण आहे, ती काही म्हणता काही वाचत नाही. सकाळी तिच्या बसमध्ये बसल्यावर जागा बघायला तिनं पहिल्यांदा उघडलं. ती आत बसलीय. मी बाहेर आहे. माझं नेमकं काय चुकलं, तेवढं सांगता का?”

मी म्हटलं, “आपली तक्रार नोंदवून घेण्यात येत आहे.”

हे माझं वाक्य. अस्सल.


पट्टी क्र. ८
रंग: लाल
स्थळ: प्रमुखबाईंची खोली, सोमवार

टेबलावर नोंदीचा कागद होता. यंत्र सगळं टिपून ठेवतं.

७.३१ लिहिणार धाकटी (दुरुस्ती)
७.३३ मंजूर ताई
७.५८ लिहिणार ताई (नवी)
७.५८ मंजूर धाकटी

अर्थात तिथं आमची खरी नावं होती. प्रमुखबाईंनी कागदावर पेनानं टकटक केलं.

“नऊ जणांची परीक्षा पुन्हा घ्यायची, दोन आठवड्यांनी. कुलगुरूंनी मान्य केलंय, कुरकुरत. मॅडमनी पंचवीस मिनिटांत पकडलं म्हणून नऊवर भागलं, नाहीतर दोनशेची रांग लागली असती.” मग त्या धाकटीकडे वळल्या. “पण मला एक सांग. दुरुस्त केलेली पट्टी फुली मारणाऱ्यांना दिसत नाही, हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं? पुस्तिकेत तर मला कुठे दिसलं नाही.”

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. टॅक्सीतल्या त्या सात सेकंदांइतका.

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मॅडमनी पहिल्याच आठवड्यात तोंडी सांगितलं होतं. घाईत माझ्या लक्षात राहिलं नाही. माझीच चूक.”

“हं,” प्रमुखबाई म्हणाल्या. पेनाचं टोपण लावलं. “मग प्रश्नच मिटला. लाल पट्टी मॅडमकडे.”

मिळाली.

मला वाटलं होतं, मिळेल तेव्हा छातीत काहीतरी मोकळं होईल. झालं नाही. कारण मी जिंकले नव्हते, तिनं दिलं होतं. लहानपणी आईनं काहीही दोघींत वाटलं की धाकटी आपला मोठा वाटा माझ्यापुढे सरकवायची, आणि बघणारे म्हणायचे, काय मन आहे पोरीचं. मी तो वाटा खायचे. पोट माझं भरायचं, कौतुक तिचं व्हायचं. आता चाळिशीला आले तरी तेच. लाल पट्टी माझ्याकडे, आणि मोठं मन? तेही तिच्याचकडे. उद्या आईला कळेल, परवा शेजारणीला. आणि नाही कळलं, अख्ख्या जगात ते फक्त आम्हा दोघींना ठाऊक राहिलं, तरी मला टोचायला तेवढं पुरे होतं. रोज सकाळी समोरच्या खुर्चीत ती बसणार, माझ्यासाठी खोटं बोललेली, आणि एकदाही त्याबद्दल बोलणार नाही. ते बोलणार नाही, हेच मला सहन होण्यासारखं नव्हतं.

पश्चात्ताप झाला म्हणून तोंड उघडलं, असं लिहायला आवडलं असतं.

“नव्हतं सांगितलं,” मी म्हणाले.

“काय?”

“मी तिला सांगितलं नव्हतं. पुस्तिकेत होतं, मी काढलं. आणि शनिवारी मंजूर करताना ‘दुरुस्ती’ हा शब्द मला दिसला होता. मी वाचून मंजूर केलं. पंचवीस मिनिटांत मी पकडलं नाही, पंचवीस मिनिटं मी बसून होते.”

पंखा घरघरत राहिला. प्रमुखबाईंनी पेनाचं टोपण परत काढलं.


पट्टी क्र. ९
रंग: (ठरवलेला नाही)

निर्णय असा: लाल पट्टी धाकटीकडे. मला लेखी समज. आणि नऊ उमेदवारांना एकेक फोन करून नवी तारीख सांगायची, ती मी.

बाहेर व्हरांड्यात, पाण्याच्या यंत्रापाशी, धाकटीनं मला गाठलं. मला वाटलं रडेल. ती रागानं लालबुंद होती.

“काय गरज होती?”

“खरं होतं ते.”

“खरं! खरं शनिवारी सात तेहतीसला कुठं गेलं होतं?” यंत्राजवळ पेला भरायला आलेला लेखापाल पेला न भरताच परत फिरला. “तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? त्या नऊ जणांना तारीख हवीय, कुणाची चूक ते नकोय. मला आज सकाळीच कळलं होतं ताई. कागदावर सात तेहतीस बघितल्यावरच कळलं. मी शेंबडी आहे का? मला वाटलं, जाऊ दे. वर्षानुवर्षं एकटी राबलीय. पाहिजे ना तिला, घेऊ दे.”

“तेच,” मी म्हटलं. “घेऊ दे.”

ती एकदम हसली, पण ते हसू तिचं नेहमीचं नव्हतं.

“असं होय. म्हणजे मी तुझ्यासाठी एक गोष्ट केली, तीही माझ्याकडे राहू द्यायची नव्हती तुला.”

दुसऱ्या कुणी ते इतकं नेमकं सांगितलं नसतं. मलाही नसतं जमलं.

“बरं,” ती म्हणाली. “अजून काय काय सांगितलं नाहीस?”

“काही नाही.”

“ताई.”

“तीन गोष्टी.”

“चल.”

आम्ही आमच्या खोलीत गेलो. तिनं वही उघडली. मी सांगितलं. पहिली, उतरवायची वेळ रात्रीचे बरोबर बारा टाकली की यंत्र दुपारचे बारा धरतं, म्हणून नेहमी अकरा एकोणसाठ टाकायची. दुसरी, लांब शब्दांची पट्टी जुन्या फोनवर शेवटी कापली जाते, म्हणून महत्त्वाचं आधी.

“आणि तिसरी?”

“तुझ्या पट्ट्या लोक जास्त वाचतात. आकडे येतात माझ्याकडे, दर महिन्याला. माझ्यापेक्षा तिप्पट. मी ते तुला कधी पाठवले नाहीत.”

ती लिहीत होती. तिसरं तिनं लिहिलं नाही.

“जा, फोन कर लोकांना,” ती म्हणाली. आवाज अजून कडकच होता.


पट्टी क्र. १०
मजकूर: खालीलप्रमाणे नऊ फोन

पहिला. “हो, तारीख कळली. शनिवारी संध्याकाळीच त्या मॅडमनी फोन केला होता, म्हणाल्या परीक्षा परत व्हावी म्हणून प्रयत्न करू. आज सकाळी परत केला.”

दुसरा. “हो हो, कळलं.”

तिसऱ्यानं उचलला नाही.

चौथा. “त्या मॅडम फार चांगल्या बोलल्या हो.”

पाचवा, सहावा, सातवा. कळलं, कळलं, मिळाली तारीख. धाकटीनं कुणालाही न सांगता नऊच्या नऊ जणांना आधीच फोन केले होते. शनिवारी संध्याकाळी ती ‘जरा पाय मोकळे करून येते’ म्हणून बाहेर पडली होती ते हे. मी यादीवर खुणा करत गेले.

आठवी ती परिचारिका. पाळ्या बदलून घेतलेली.

“मी विद्यापीठातून बोलते आहे,” मी म्हणाले. “आपण शनिवारी विचारलं होतंत, माझं काय चुकलं. तेव्हा मी नीट उत्तर दिलं नाही. आपलं काही चुकलं नव्हतं. पट्टी वाचून बंद केलेल्यांना बदल दिसत नाही, हे मला माहीत होतं. चूक माझी होती.”

पलीकडे भांड्यांचा आवाज, कुणीतरी तिला नावानं हाक मारत होतं.

“म्हणजे माहीत असून?”

“माहीत असून.”

“का?”

तीन अक्षरी, सोपं, सर्वांना कळेल असं उत्तर होतं माझ्याकडे. “मत्सर,” मी म्हणाले.

“माझा?” ती गोंधळून म्हणाली. “मी तर तुम्हाला ओळखतही नाही.”

“नाही, नाही. तुमचा नाही.”

“मग मी का बाहेर राहिले?”

तिनं वाट पाहिली. परिचारिकांना वाट पाहायची सवय असते. मग ती थकल्यासारखी म्हणाली, “हे बघा, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. पण मला केंद्राचा पत्ता, बसचा क्रमांक, सगळं परत एकदा विचारायचंय, आणि खरं सांगू, तुमच्यावर आता माझा भरवसा नाही. त्या दुसऱ्या मॅडम आहेत का तिथं? त्यांना देता फोन?”

“देते,” मी म्हणाले. “धरून ठेवा.”

फोनची दोरी धाकटीच्या टेबलापर्यंत पोचत नाही. मी सगळा फोनच उचलला, भिंतीतली तार ताणत तिच्यापुढे नेऊन ठेवला आणि तिच्या हातात दिला. तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, मग फोन कानाला लावला.

“हो, मीच. बोला. हो... नाही, ती माझी बहीण.”

परत माझ्या जागेवर जाता आलं असतं. पण मी तिथंच उभी राहिले. ती कसं बोलते, ते मला ऐकायचं होतं.